कंपनी काई रडली नाई

...नाई वो माय, गंगीनं काई हौसेनं म्हटलं नाई तसं. तांड्यातले पोट्टे आता तिच्यावर हासते ना, 'बुढीनं नवऱ्याले जित्तेपणी मारलं' म्हणून, त्याइले आगापिछा माहीत नाई. मी पहिल्यापासून सांगतो, तू लिवत जाय. मंधात अडवू नोको. आन अक्षर मोठं काढ, वाचणाऱ्याचे डोळे माह्यासारखे असले त कसं करन तो.

गंगीच्या जिभेवर तीळ हाय. काळा, जवसाच्या दाण्याएवढा. जन्मल्यापासूनच हाय. तिच्या याडीनं, म्हणजे मायनं, पहिल्यांदा पाह्यला त कपाळावर हात मारून घेतला. काळ्या जिभेची पोरगी जे बोलन ते खरं होते, असं लोकं म्हणते ना. गंगी सात-आठ वर्सांची असन, शेजारच्या बुढ्याची बकरी बसली होती गोठ्यात, तिच्याकडं पाहून ही सहज म्हणे, "ही आता काई उठत नाई." बकरी म्हातारीच होती, तिचे दिवस भरले होते. तिसऱ्या दिवशी गेली. पण नाव कोणाचं झालं? गंगीच्या जिभेचं. तवापासून तिच्या याडीनं तिले एकच शिकवलं. म्हणे, पोरी, शब्द बाहेर काढाच्या आगुदर एकदा गिळून पाह्य. गिळल्या जात असन त गिळूनच टाक.

तर गंगी अशी वाढली, गिळत गिळत. लगन होऊन घाटंजीजवळच्या आमच्या तांड्यावर आली, उत्तमसिंगाच्या घरी. तो जिनिंगमंधी चौकीदार होता, तीस वर्सं. त्याच्या तोंडाले झाकण नाई आन हिच्या तोंडाले कुलूप. लोकं म्हणे, देवानं जोडी बरोबर जमवली, एकाचं बोलणं दुसऱ्याच्या वाट्याले गेलं. कापूस वेचाले आमी संगं जात होतो. बाया वळीत वाकल्या वाकल्या सगळ्या दुनियेले शिव्या देत, सासूले, मुकादमाले, उन्हाले. गंगीच्या तोंडून 'मेल्या' एवढाबी शब्द कधी निघाला नाई. माणूस वारला तरी ती म्हणे, "ते लांब गेले." बैल गेला, तरी तेच, "लांब गेला." उलट कोणाच्या पोराची परीक्षा असली, कोणी पोटुशी असली, त बाया तिच्याकडं येत. "गंगे, तू एकदा बोल ना, होईन म्हण." ती म्हणे, "होईन." बस. तेवढ्यासाठी कोणी मेथीची जुडी द्याले लागली त घेत नव्हती. म्हणे, जीभ माही हाय, गुण माहा नाई.

आता नेटाचं सांगतो.

गंगीचा पोरगा शाम ट्रकवर हाय, पंधरा पंधरा दिवस घरी नसते. सून पुष्पा. बारावी झालेली, हुशार. तिले घरबसल्या काम भेटलं. नागपूरच्या एका दवाखान्यातले डाक्टर लोकं बोलते, ते तिच्या कानात येते, आन ती कम्प्युटरवर टायपून देते. सकायपासून पाच वाजेपर्यंत कान झाकून बसते. पहिले पहिले तांड्यातल्या बायाइले वाटे, पुष्पाचे कान दुखते. गंगीले मात्र त्या कामाचा लय अभिमान. तिनं मले एकदा सांगतलं, "माह्या घरातली पहिली बाई हाय, जे सावलीत बसून कमावते." एवढं लांब वाक्य गंगी वर्सातून एकदा बोलते.

त्या कामाले घरी नेट लागे. घाटंजीच्या बसस्टँडजवळ जमीरचं दुकान हाय, मोबाइलचं. त्यानंच एका कंपनीचा डब्बा आणून भिंतीवर ठोकून देल्ला. घराची टॅक्सपावती उत्तमसिंगाच्या नावानं, म्हणून कागदबी त्याच्याच नावानं. वारस म्हणून खाली गंगीचं नाव. जमीर म्हणे, "काका, दोन वर्सांचा करार हाय." उत्तमसिंग खूश. त्याले वाटलं, कंपनी दोन वर्सं लाइन चालू ठेवाचा शब्द देऊन राह्यली. घरी येऊन सांगे, "दोन वर्सं पाहा लागत नाई आता." शब्द कंपनीनं देल्ला नव्हता वो. शब्द यानंच देल्ला होता, कागदाखाली सही करून. ते त्याले समजलं नाई. जमीरलेबी धड समजलं होतं का नाई, देव जाणे.

लाइन सहा महिने चालली बरी. मंग वानरं तारेवर झोके घ्याले लागले. खांबाखांबावरून तार आणलेली, वानराले काय, झुलाच भेटला. त्यातून रस्त्याचं काम निघालं, खोदणारी मशीन आली, आज इथी तोडे, उद्या तिथी तोडे. पुष्पा टायपता टायपता थांबे आन डब्ब्याच्या लाल दिव्याकडं पाहात बसे. मंग मोबाइल घेऊन चिंचेखाली जाऊन तिथून काम पाठवे. एवढ्यात शाळेकडून दुसऱ्या कंपनीची तार आली, जमिनीखालून. वानराचा हात पुरत नाई अशी. ज्याइच्या घरी लागली त्याइचं झकास चालून राह्यलं. आन नागपूरवरून पुष्पाले निरोप आला का एक तारखेपासून लाइन पक्की दाखवा, नाईतर काम राहू द्या.

पुष्पा भाकरी करता करता सासूले एवढंच म्हणे, "आत्याबाई, राह्यलंच त मी वावरात निंदाले जाईन. त्यात काय."

ते 'त्यात काय' गंगीले लागलं. चाळीस वर्सं तिची कंबर त्या निंदण्यात गेली होती. तिले माहीत होतं त्यात काय.

दोन दोन लाइनचे पैसे भरणं जमत नव्हतं, तर जुनी सोडाची म्हणून गंगी आन उत्तमसिंग दोघं जमीरच्या दुकानावर गेले. जमीर खाली मान घालून कागद वाचून राह्यला. म्हणे, "काका, मुदतीच्या आधी सोडाचं त उरलेल्या महिन्यांचं सगळं भरा लागते. नाईतर मंग, जिथी कंपनीची लाइनच जात नाई अशा गावाले राहाले गेल्याचा कागद द्या. नाईतर..." आन थांबला.

"नाईतर काय बे?" उत्तमसिंग म्हणे.

"जाऊ द्या ना काका."

"अरे वाच ना. तुह्या बापानं मले कधी अर्धी गोष्ट नाई सांगतली."

"खातेदार मयत झाला त फुकटात बंद होते."

उत्तमसिंग हासला. "मंग मी मरतो ना. तेच सस्तं हाय."

जमीरनं कानाले हात लावला. "तौबा, काका. असं बोलू नोका. काकी बसली हाय."

गंगी त तशीच गार झाली. काहून का आठ दिवस आधी, उत्तमसिंग विहिरीच्या वट्ट्यावर बिडी पेत बसला होता, आन कावळा येऊन त्याच्या डोक्श्यावर आपटला. नख लागलं, टोपी खाली पडली. कावळा शिवला म्हणजे काय ते तुले माहीत नसन, तुमच्या पिढीले कोण सांगते. कावळा शिवला का माणसाचं मरण जवळ आलं समजाचं. मंग त्याच्यावर उतारा असा का जवळच्या नातेवाइकाले खबर धाडाची, अमका गेला म्हणून. खोटीच. तो नातेवाईक तिकडं खरोखरचं रडते. ते रडणं मरणाले भेटते, त्याचा वाटा त्याले पोचते, आन तो दारातून वापस जाते. मंग लगेच दुसरी खबर धाडाची, हाय, हाय, जित्ता हाय. पहिले मानूस धाडत, मंग तार करत. म्हणते ना, मेल्याची खोटी खबर आली का आयुष्य वाढते. ते असं. पण रडणं पाह्यजे. रडणंबी रक्ताच्याचं पाह्यजे.

पोरगा घरातलाच, तो चालत नाई; घराबाहेर उत्तमसिंगाले रक्ताचं एकच माणूस उरलं होतं. त्याची बहीण हंसाबाई, मुकुटबनले देल्ली होती. आन तिच्याशी सात वर्सांपासून बोलचाल नाई. ह्या दोघांची याडी वारली, तवा उत्तमसिंगाच्या हातून खबर द्याले उशीर झाला. फोन लागला नाई म्हणे, मंग लाकडं आणाच्या गडबडीत राहून गेलं. हंसाबाई आली तोपर्यंत राख झाली होती. तिनं मायचं तोंड पाह्यलं नाई. ती राखेजवळ उभी राहून सगळ्याइच्या देखत भियाले, म्हणजे भावाले, म्हणे, "तू मेला तरी मी येणार नाई." आन आल्या पावली गेली.

म्हणून कावळा शिवला तवा गंगी म्हणे, बाईले खबर धाडू, आन उत्तमसिंग नाई म्हणे. कधी नाई तो तिच्यावर खेकसला. गंगीनं शब्द गिळला.

आन आता त्या दुकानात बसून तो मजाक करून राह्यला. म्हणे, "गंगे, कावळा शिवलाच हाय. खबर द्याचीच होती. कंपनीले देऊ. एका खबरीत दोन कामं."

"कंपनी कोण लागते आपली?"

"काहून? दर महिन्याले आठवण करते. पैसे भरले का म्हणून पुसते. माही सख्खी बहीण तेवढंबी पुसत नाई."

तवा गंगीले समजलं का हा मजाक नाई करून राह्यला. ह्याले बहिणीले खबर धाडाची भेव लागते. धाडली आन ती आलीच नाई तर?

जमीर नाई नाईच म्हणत होता. पण उत्तमसिंगानं त्याच्या मांगं धोशा लावला. मंग तो म्हणे, "मी काई करत नाई काका. वारसानं सोता फोन करून सांगा लागते. कागद त्याच्यानंतर." वारस म्हणजे गंगी.

दहा दिवस राह्यले होते एक तारखेले. गंगी घरी आली, पाह्यलं त पुष्पानं कम्प्युटर पुसून जुन्या लुगड्यात गुंडाळून ठेवला होता. म्हणे, धूळ बसते. सांगा, चालू कामाच्या कम्प्युटरवर कधी धूळ बसते का? गंगीनं ते गाठोडं पाह्यलं आन म्हणे, "लाव फोन."

फोन लागला. मराठीसाठी दोन दाबा. पुष्पानं दोन दाबलं. तिकडून एक पोरगी, आवाज गोड, पुस्तकासारखी बोले. नाव पुसलं, नंबर पुसला, मंग म्हणे, "खातेदार उत्तमसिंग हयात आहेत का?"

हयात गंगीले माहीत होतं. निराधारच्या पगारासाठी दर वर्सी तहसीलमंधी हयातीचा दाखला द्या लागते. तिथी बाबू पुसते, हयात हाय का, आन गंगी म्हणते, हाय, हा काय उभा. तिच्या जिभेवर तेच आलं होतं, हाय. समोर तो बाजीवर बसून चहात टोस बुडवून खाऊन राह्यला होता. टोस तुटून कपात पडला, त तो बोटानं काढून राह्यला. गंगीनं त्याच्याकडं पाह्यलं आन म्हणे, "नाई. मेले."

उभ्या जन्मात पहिल्यांदा म्हटलं तिनं ते.

"कधी निधन झाले?"

"सोमवारी."

उत्तमसिंगानं हात हालवून खूण केली, सोमवार नोको म्हणून, सोमवारी त त्यानं जमीरच्या दुकानात चहा पेला होता. पण शब्द गेला होता.

"आपल्या दुःखात आम्ही सहभागी आहोत," ती पोरगी म्हणे, आन त्याच दमात, "आणखी काही मदत करू शकते का?" पंधरा दिवसांत मृत्यूचा दाखला द्या म्हणे, तोवर खातं थांबवून ठेवतो. आन फोन ठेवून देल्ला.

उत्तमसिंग म्हणे, "झालं. लय सोपं असते मरणं."

गंगी हळूच पुष्पाले पुसते, "रडली का वो ते?"

"कोण?"

"ते पोरगी. कंपनीची."

"ती कायले रडन, आत्याबाई? तिले दिवसाचे शंभर फोन असते."

दुसऱ्या दिवशी उत्तमसिंगाच्याच मोबाइलवर मेसेज आला. पुष्पानं वाचून दाखवला. 'प्रिय उत्तमसिंग, आपल्या निधनाची नोंद झाली आहे. कृपया दाखला पंधरा दिवसांत जमा करावा.' उत्तमसिंग पोट धरून हासला. म्हणे, "मलेच मागून राह्यले. मसनातून आणून देऊ का?" हासता हासता खोकला लागला त थांबे ना. संध्याकाळी अंग तापलं. तिसऱ्या दिवशी भाकर पुढून सरकवून देल्ली. घाटंजीच्या डाक्टरनं सुई देल्ली, म्हणे, साथ हाय तापाची, घरोघरी हाय. व्हयच, होती साथ. माह्या घरी दोघं पडले होते. पण गंगीले कोण समजावन? ती माह्याजवळ येऊन बसली आन म्हणे, "कावळा शिवला. माह्या तोंडून शब्द गेला. सरकारीसारखा लिवूनबी घेतला त्याइनं. आन कंपनी काई रडली नाई. मरणाचा वाटा कोणी देल्ला मंग? तो त उभाच हाय दारात."

मी म्हटलं, "डाक्टरच्या गोळ्या दे."

गोळ्या देल्ल्याच तिनं. आन मंग पुष्पाले घेऊन चिंचेखाली गेली, म्हणे, "मुकुटबनले लाव."

पुष्पा म्हणे, "आत्याबाई, अजून एकदा बोलता ते?"

"एकदा बोलली. आता वापस कराले दुसऱ्यांदा बोला लागते."

"आन त्या रडल्या नाई तर?"

गंगीनं नुसता हात पुढं केला.

हंसाबाईनंच उचलला. गंगी म्हणे, "बाई, मी गंगी." सात वर्सांनी आवाज ऐकत होत्या एकमेकीचा. "तुमचे भिया लांब गेले, बाई."

"लांब कुठी?"

पाह्य आता. जन्मभर जो शब्द आडोशाले घेतला, तो नेमका तवाच कामी नाई आला. "कुठी गेले?" हंसाबाई पुन्हा पुसते. "कामाले गेले का? शामजवळ गेले?"

गंगीले म्हणा लागलं. "मेले, बाई."

तिकडं कोणाचं तरी ढोर हंबरलं, तेवढं ऐकू आलं. रडणं नाई, बोलणं नाई. फोन बंद झाला. गंगीनं मनातल्या मनात थोडा वेळ जाऊ देल्ला, जेवढा रडाले लागते तेवढा, आन पुन्हा लावाले सांगतला, दुसरी खबर द्याले, हाय म्हणून. बंद. पुन्हा लावला, बंद. दहा डाव लावला.

आता झाली पंचाईत. खोटी गेली, खरी जाऊन नाई राह्यली.

घरी येऊन पुष्पाच्यानं राहावलं नाई, तिनं सासऱ्याले सांगतलं. उत्तमसिंग तापातच होता. रागावला नाई. भिंतीकडं तोंड करून म्हणे, "कायले केलं गंगे? आतापर्यंत मले वाटत होतं, कदाचित येईन. आता माहीतच पडन."

त्या दिवशी तो एकदाबी मजाक बोलला नाई. घरात एवढं सुनं मी कधी पाह्यलं नव्हतं. गंगी उंबऱ्याच्या आत बसून रस्त्याकडं पाहे. सकाळचा दहा वाजताचा फोन, बारा वाजले, दोन वाजले. मुकुटबनवरून पांढरकवडा, तिथून गाडी बदलून घाटंजी, तिथून आटो. गंगी बोटावर गाड्या मोजे आन पुन्हा पहिल्यापासून मोजे.

चार वाजून गेले असन. तांड्याच्या तोंडाशी आटो थांबल्याचा आवाज आला, आन मंग रडणं ऐकू आलं.

आमच्यातल्या म्हाताऱ्या बायाइचं रडणं तू ऐकलं नाई कधी. आता कोणी तसं रडत नाई. गाण्यासारखं असते ते, चालीवर. एकेक गोष्ट काढून रडते. हंसाबाई सत्तरीची बाई, पदर डोक्श्यावरून घसरलेला, हातात एक पिशवी, आन तिथूनच सुरू झाली. भिया, तू मले पाठीवर घेऊन नाल्यापार नेत होता. भिया, तुह्या लग्नात मी पाय दुखेपर्यंत नाचली. भिया, मायचं तोंड नाई दाखवलं, तुहं तरी दाखव. चालून राह्यली आन रडून राह्यली. तांड्यातल्या बाया बाहेर आल्या. सगळ्याइले माहीत होतं का उत्तमसिंग घरात गोधडी घेऊन पडला हाय. पण एकीच्याबी तोंडातून निघालं नाई का बाई, थांब. कशी थांबवाव? मीबी गेली आन तिच्या गळ्यात पडली. मीबी रडली. खोटं नाई, खरंच रडली. तेवढ्या आवाजात कोणालेबी आपापले गेलेले आठवते.

घरापाशी आली आन दारात उत्तमसिंग. तो आवाज ऐकून उठला होता. गोधडी खांद्यावर, एका हातानं चौकट धरलेली.

हंसाबाईचा शब्द अर्ध्यातच राह्यला.

मंग तिनं डोळे पुसले, भावाले खालून वरतं पाह्यलं आन म्हणे, "कावळा शिवला का?"

जुनं माणूस. तिले काई सांगा लागलं नाई.

"हाव," उत्तमसिंग म्हणे.

"कधी?"

"बारा दिवस झाले."

"आन आज खबर देता? मरून गेला असता म्हणजे? तुहं खबरीचं खातं उशिराचंच हाय."

उत्तमसिंगाच्या डोळ्याले धार लागली. म्हणे, "मले वाटलं, तू येत नाई."

"नाईच येणार होती. तू मेला तरी येणार नाई म्हटलं होतं, ते म्हटलंच हाय." तिनं पिशवी खाली ठेवली. "पण तू काई मेला नाई. म्हणून माहा शब्द काई मोडला नाई. भोजाई, पाणी आण वो. घसा सुकला तुह्या नवऱ्यापाई."

गंगीनं पाणी देल्लं. उत्तमसिंग बहिणीजवळ खालीच बसला, तिच्या पायाशी. हंसाबाईनं त्याच्या कपाळाले हात लावला आन म्हणे, "तापला हाय. हा उभा कायले केला? झोपवा ना याले." बस, तेवढंच. सात वर्सांचं भांडण तिथी संपलं. कोणी माफी मांगितली नाई, कोणी देल्ली नाई.

पण चुलीपाशी दोघीच असतानी हंसाबाई गंगीले म्हणे, "तू बरं नाई केलं, भोजाई."

"हाव, बाई."

"रीत मले माहीत हाय. पण पहिले कसं होतं, खबर आणणाऱ्याच्या मांगंच दुसरा माणूस राहे, हाय म्हणून सांगाले. रडणं एक घटकेचं राहे. मी सहा घंटे गाडीत बसली. पांढरकवड्याच्या स्टँडवर बसून त्याले लाकडं लावली मी मनात. राख सावडली. घाटंजी येईपर्यंत माहा भाऊ पुरा जळून गेलता. आता तो समोर बसून खिचडी खाते, त मले त्याच्याकडं पाहाले जमत नाई."

गंगीनं ते सगळं ऐकून घेतलं. यावेळी तिच्याजवळ गिळाले शब्दबी नव्हता.

दोन दिवसांनी उत्तमसिंगाचा ताप उतरला. साथ होती, उतराचाच होता. गंगी म्हणे, आता कंपनीले दुसरी खबर. उत्तमसिंग म्हणे, "राहू दे ना, दाखला नाई देल्ला त आपोआप पडून राहीन." गंगी म्हणे, "नाई. लिवलेलं पुसा लागते." तवा तिच्या आवाजात असं काई होतं का तो टोपी घालून निघालाच.

जमीरच्या दुकानात गंगी, उत्तमसिंग आन हंसाबाई. फोन लावला. या वेळी दुसरी पोरगी होती. उत्तमसिंग म्हणे, "मी उत्तमसिंग बोलतो. मी जित्ता हाव."

"आपली जन्मतारीख?"

"एक जानेवारी. आमच्या तांड्यातले सारे बुढे एक जानेवारीचेच हाय."

"सर, आमच्या नोंदीप्रमाणे ग्राहक मयत आहेत."

तवा गंगीनं फोन आपल्या हातात घेतला. "बाई, ते मीच म्हटलं होतं. खोटं म्हटलं. घरची लाइन सोडाची होती, भरणं जमत नव्हतं, म्हणून म्हटलं. तो हाय. तू लिव, हाय म्हणून."

तिकडून गाणं वाजलं लय वेळ. जमीरनं तोवर पंखा पुसला, काच पुसली, एका जागी उभं राहावत नव्हतं त्याले. मंग पोरगी आली. म्हणे, नोंद दुरुस्त केली, पण आता मुदतीआधी बंद केल्याचे सगळे पैसे लागतील.

"लागू दे," गंगी म्हणे. "पहिले एकदा वाचून दाखव, काय लिवलं ते."

"ग्राहक हयात."

"पुन्हा."

"ग्राहक हयात आहेत, मॅडम."

गंगीनं फोन जमीरच्या हातात देल्ला आन तिथीच स्टुलावर बसली. तोंडाले पदर लावला. हंसाबाईनं तिच्या पाठीवर हात ठेवला.

पैसे पुष्पानं आन शामनं भरले, कसे भरले ते त्याइचं त्याइले माहीत. एक तारखेच्या आत जमिनीखालची तार घरात आली. कागद पुष्पाच्या नावानं केला. जमीर सही घ्याले लागला त गंगी म्हणे, "थांब. घ्याचं कसं ते मांगून वाच. सोडाचं कसं ते पहिले वाच." जमीरनं सगळं वाचलं, बारीक अक्षरातलंबी. आता त्याच्या दुकानात जो कोणी डब्बा घ्याले जाते, त्याले तो पहिले सोडाचंच वाचून दाखवते. लोकं म्हणते, हा कसा धंदा करून राह्यला. पण तो तसंच करते. पुष्पाचं काम चालू हाय. सावलीत बसून.

हंसाबाई पाच दिवस राह्यली. भावाचे पाय चेपले, त्याच्यावर वरडली, बिड्या चुलीत टाकल्या. जाताना म्हणे, येत जाईन. पण वापस गेल्यावर गंगीनं पोचल्या का म्हणून फोन लावला त उचलला नाई. दुसऱ्या दिवशी नाई, हप्त्यानं नाई. पुष्पानं शामच्या फोनवरून लावला तवा उचलला, म्हणे, "पोरी, तुह्यावर राग नाई, भोजाईवर राग नाई. पण त्या आवाजानं माह्या कानात एकदा माहा भाऊ मेला हाय. फोन वाजला का छातीत धस्स होते. फोनवर मले भावाचं काई सांगू नोका, चांगलंबी नोका. सांगाचं असन त माणूस धाडा." पुष्पानं ते सांगतलं, गंगीनं मान हालवली. म्हणे, बरोबर हाय तिचं. आन तवापासून गंगी फोनले हातच लावत नाई.

उत्तमसिंगाच्यानं आता गाडीत बसणं होत नाई, दम लागते. शाम ट्रकवर. पुष्पाचे कान डाक्टराइच्या बोलण्यात. म्हणून तर तुले एवढं लिवाले लावलं ना.

तर बापहो, बायाहो, जो कोणी हे वाचून राह्यला असन, त्याइच्यापैकी कोणी मुकुटबनच्या अंगाले जात असन, त एवढं करजा. हंसाबाईचं घर पुसजा. फोन नोका करू, दारात उभं राहून तोंडानं सांगजा. म्हणा, उत्तमसिंगाले आमी डोळ्यानं पाह्यलं, बसला होता, दोन भाकरी खाल्ल्या, खोकला हाय पण जुनाच हाय. दिवाळीच्या आधी येऊन जाय म्हणते. आन गंगीनं सांगतलं असं नोका म्हणू, तिचं नाव काढलं का बाई दचकन. भावानंच सांगतलं म्हणा.